मिठागरावरचं नरसाळं

दत्ताराम कासारे यांनी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचे पत्रे बसवले. घाटात कठड्याला घासून आलेली, झाडाला टेकून आलेली, चेपलेली, पिचकलेली गाडी त्यांच्या हाताखाली यायची आणि सरळ होऊन जायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्यांच्या हातांना ते पटलेलं नव्हतं. विहाराची पन्हाळ, शाळेच्या खिडक्यांवरच्या झडपा, बायकोच्या अंगणवाडीतली तांदळाची कोठी, असं करत करत धरमतर खाडीच्या काठच्या त्या गावातलं पत्र्याचं सगळं काम त्यांनी जवळजवळ संपवत आणलं होतं.

त्यांची मुलगी रचना पुण्याच्या एका संशोधन संस्थेत होती. आठ वर्षं ती एकाच विषयामागे होती. गावात कुणी विचारलं तर दत्ताराम सांगायचे, लेक ताऱ्यांचा अभ्यास करते. रचना घरी असली की दुरुस्ती करायची. तारे नाहीत, ताऱ्यांच्या मधल्या जागेत जो वायू असतो त्याचा. दत्ताराम मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तारेच सांगायचे. तारे म्हटलं की माणूस पुढे काही विचारत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

या फेब्रुवारीत रचना पंधरा दिवसांसाठी घरी आली. एक लेख पुरा करायचा होता आणि पुण्यात तो होत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना दत्ताराम म्हणाले, "बाय, तू आठ वर्षं ज्याच्या मागं हायेस, तो वायू मला एकदा दाखव."

ते थट्टेनं बोलले नव्हते. रचनाने लॅपटॉप उघडून निळे-तांबडे फोटो काढले, तसा त्यांनी हात आडवा केला. हे रंग आम्ही मागून भरतो, असं तिनंच एकदा त्यांना सांगितलं होतं. रात्री गच्चीवर जाऊन वर बघितलं तर दिसेल का, त्यांनी विचारलं. दिसणार नाही, ती म्हणाली. तो वायू काळोखा असतो, थंड असतो आणि इतका विरळ की माणसानं यंत्र लावून केलेली पोकळीसुद्धा त्याच्यापुढे दाट म्हणावी.

"मग तो हाय हे कशावरून?"

रचनानं कप खाली ठेवला. तो वायू बहुतेक सगळा हायड्रोजन असतो. हायड्रोजनचा एक अणू साधारण एक कोटी वर्षांतून एकदा एक बारीकशी लहर सोडतो. एकवीस सेंटिमीटर लांबीची, रेडिओची लहर. एका अणूची वाट बघत बसलं तर जन्म पुरणार नाही. पण अणू इतके बेसुमार आहेत की त्या लहरी पृथ्वीवर अखंड येत असतात, रात्री आणि दिवसाही. आत्ता या चहातही येत होत्या.

दत्तारामांनी चहाकडे बघितलं. "रेडिओ म्हणतेस, म्हणजे एरियल लागणार," ते म्हणाले. "कसलं असतं ते एरियल?"

पत्र्याचं नरसाळं असतं, असं रचना म्हणाली, आणि त्या पंधरा दिवसांतला लेख तिथंच बाजूला पडला.

असली नरसाळी कॉलेजातली मुलं पुठ्ठा आणि चकचकीत कागद लावून करतात हे तिला माहीत होतं. तिने कागदावर आकृती काढून दिली. पुढचं तोंड पाऊण मीटर लांब, साठ सेंटिमीटर उंच. मागचं टोक निमुळतं होत थिनरच्या चौकोनी डब्याला जोडायचं. डब्याच्या आत पाच सेंटिमीटरहून थोडी जास्त अशी तांब्याची तार उभी करायची. तारेला एक छोटा अॅम्प्लिफायर, पुढे अंगठ्याएवढा रिसीव्हर आणि मग लॅपटॉप. विजेच्या वस्तू तिच्या बॅगेत होत्या. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेल्या आणि तशाच पडून राहिलेल्या.

दत्तारामांनी चष्मा लावून आकृती बघितली, घरात गेले, जुनं वर्तमानपत्र आणून त्याचे चार तुकडे कापले आणि तिच्यासमोर धरले. चारही बाजूंना तिनं एकच उंची लिहिली होती. लांब बाजूचे तुकडे जास्त फाकतात, आखूड बाजूचे कमी, त्यामुळे कडा एकमेकींना मिळत नव्हत्या. दीड सेंटिमीटरची फट राहत होती.

"हे कुनी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

रचनाला हसू आलं. आकाशगंगेचे हिशेब करणाऱ्या बाईला चार पत्रे जुळवता आले नव्हते. मग दत्तारामही हसले, आणि पेन्सिल घेऊन त्यांनी आकृती पहिल्यापासून काढली.

काम दोन दिवस चाललं. गॅरेजवाल्याकडून थिनरचा डबा आला, पेणहून जीआय पत्रा आला. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चालेल, असं रचनानं सांगितलं आणि तिची चूक झाली. आमच्याकडे इकडेतिकडे चालत नव्हतं, एवढंच दत्ताराम म्हणाले आणि पट्टी घेऊन पत्र्यावर वाकले. कडा दुमडून, रिव्हेट मारून, सांध्यांना आतून कथलाचा डाख देऊन त्यांनी जे नरसाळं उभं केलं, त्यात बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळत नव्हतं. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, हा लाउडस्पीकर कुठल्या कार्यक्रमाचा?

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते गच्चीवर नेलं. रचनानं लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर एक सपाट रेघ यायला हवी होती आणि त्या रेघेला मध्यावर एक उंचवटा. आलं ते काट्यांचं कुंपण. घरामागे मोबाइलचा टॉवर होता, समोर हायवे, शेजारी कुणाचा तरी इन्व्हर्टर. रचनानं चार दिशांना फिरवून बघितलं, फिल्टर बदलला, आणि संध्याकाळी सामान गुंडाळून खाली आणलं.

दत्ताराम रात्री नीट जेवले नाहीत. सकाळी रचनाला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. अंगणात बसून ते एकेक सांधा उकलत होते आणि परत डाख देत होते. दोष पत्र्यात नाही, टॉवरमध्ये आहे, हे तिनं तीन वेळा समजावलं. ते ऐकून घेत होते आणि हातोडी चालवत होते. गाडी परत आली तर ड्रायव्हरला बोल लावायचा नाही, आधी आपलं काम तपासायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

तोडगा काढला तो तुळसाबाईंनी. रचनाची आई. अंगणवाडी चालवून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती आणि नवरा किंवा लेक, दोघांपैकी कुणाचंच यंत्र त्यांना विशेष वाटत नव्हतं. अंगणवाडीला निघता निघता त्या म्हणाल्या, "चाळीस पोरं ओरडत असली की एखादं पानी मागतंय ते मला ऐकू येत न्हाय. मी त्याला बाहेर नेते नि विचारते. तुम्ही ठमीच्या मिठागरावर जा. तिथं फोनला रेंज येत न्हाय म्हणून ती रोज माझ्याजवळ रडते."

त्याच दुपारी बापलेक मिठागरावर विचारायला निघाले.

ठमी म्हणजे रामचंद्र म्हात्रे यांची बायको, ठमाबाई. खाडीच्या आतल्या अंगाला त्यांचं मिठागर होतं. एके काळी तिथं ओळीनं मिठागरं होती. आता बहुतेक बंद पडली होती. रामचंद्रांची दोन्ही मुलं उरणला ट्रेलरच्या धंद्यात होती आणि बापानं आता घरी बसावं असं त्यांचं म्हणणं होतं. रामचंद्र सत्तरीचे. दर वर्षी म्हणायचे, हे शेवटचं, आणि दिवाळीनंतर पुन्हा बांध घालायला लागायचे. त्यांनी जागा द्यायचं कबूल केलं, दोन अटींवर. मिठाच्या वाफ्यात काही सांडायचं नाही, आणि हे काय चाललंय ते मला पहिल्यांदा सांगायचं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास नरसाळं टेम्पोतून बांधावर आलं. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ते तिरपं ठेवलं, तोंड उत्तरेला, बरंच वर. भर उन्हात निळ्या आभाळाकडे तोंड केलेलं ते यंत्र बघून रामचंद्रांनी विचारलं, तिकडं हाय तरी काय? रचनानं सांगितलं की त्या दिशेला आत्ता हंस नावाचा तारकासमूह आहे. सूर्याच्या उजेडात तो दिसत नाही, पण आहे तिथंच. आणि आकाशगंगेचा एक दाट पट्टा त्याच्यातूनच जातो.

अकरा चाळीसला तिने मोजणी सुरू केली. एका क्षणात काही कळत नाही. पाच मिनिटांची लहर गोळा करून तिची सरासरी काढावी लागते. तिघे जण लॅपटॉपवर टॉवेल धरून त्याच्या सावलीत बघत बसले. काटे नव्हते. रेघ हळूहळू गुळगुळीत होत गेली, आणि मग मध्यावर फुगली. चपातीला पहिला फुगा यावा तशी. त्या फुग्याच्या उजव्या अंगाला थोड्या वेळानं आणखी एक, बुटका, आला.

असे आलेख रचनानं हजारोंनी बघितले होते, याहून कितीतरी स्वच्छ, जगातल्या मोठ्या दुर्बिणींचे. ते तिला संगणकावरून यायचे, कुणीतरी कुठेतरी घेतलेले. हा बापानं केलेल्या नरसाळ्यातून, तिच्या डोळ्यांदेखत आला होता.

"हे काय आलं?" दत्तारामांनी विचारलं.

"हाच तो, बाबा."

दत्ताराम उठले. कुणाला न विचारता त्यांनी नरसाळं उचललं आणि दक्षिणेकडे, आकाशगंगेपासून दूर फिरवलं. पाच मिनिटांनी फुगा जवळजवळ बसला. परत उत्तरेला आणलं, फुगा आला. असं त्यांनी चार वेळा केलं. रचनानं त्यांना थांबवलं नाही. चौथ्या वेळेला त्यांनी धोतराला हात पुसावेत तसे पँटला हात पुसले आणि खुर्ची नसल्यामुळे बांधावरच बसले. आहे खरा, ते म्हणाले.

तो बुटका फुगा कसला, हे मग तिने सांगितलं. आपली आकाशगंगा भोवऱ्यासारखी आहे आणि तिला फाटे आहेत. मोठा फुगा आपल्या जवळच्या वायूचा. बुटका लांबच्या फाट्यातला, आपल्या दिशेनं सरकणारा. तिथून निघालेली लहर इथं पोहोचायला वीसेक हजार वर्षं लागली होती.

दुपारी ठमाबाई भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या. खाताना रामचंद्रांनी आपली दुसरी अट काढली. वायू आहे ते ठीक, पण त्याचं होतं काय?

त्याचे तारे होतात, रचना म्हणाली. वायू गरम असला की पसरतो, एका जागी राहत नाही. तो पुरेसा थंड आणि दाट झाला तर कुठेतरी एक गाठ धरते. ती आजूबाजूचा वायू ओढते, आणखी जड होते, आत दबत दबत तापते आणि एक दिवस पेटते. आपला सूर्यही असाच झाला. मोठे तारे मरतात तेव्हा आतलं सगळं परत वायूत फेकतात. या पत्र्यातलं लोखंड असंच कुठल्या तरी ताऱ्यात तयार झालेलं.

रामचंद्र चावत चावत वाफ्यांकडे बघत होते. घास गिळून त्यांनी विचारलं, "मंग सगल्या वायूचं तारं होऊन तो संपला का न्हाय अजून?"

रचनाचा घास हातातच राहिला. हा प्रश्न तिला नोकरीच्या मुलाखतीत विचारला होता. जगभरचे लोक त्यावर परिषदा भरवत होते. ती सावरून बसली आणि नीट सांगायला लागली. एका ढगातून पुष्कळ तारे जन्मतात आणि त्यातले थोडे फार मोठे आणि तापट निघतात. ते असा वारा आणि असा उजेड सोडतात की राहिलेला ढग उधळून जातो. शंभरातले जेमतेम दोन-चार भाग ताऱ्यांच्या कामी येतात, बाकीचा वायू परत पांगतो, परत थंड व्हायला लागतो. म्हणून आपल्या अख्ख्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांपुरतंच नवं काम होतं. तरीसुद्धा, आहे तेवढ्यावर भागवायचं म्हटलं तर शंभर-दोनशे कोटी वर्षांत वायू संपेल. आकाशगंगा तर त्याच्या कितीतरी आधीपासून तारे करते आहे. म्हणजे बाहेरच्या पोकळीतून नवा वायू आत येत असला पाहिजे, हळूहळू, सतत. ज्या आकाशगंगांना तो मिळेनासा झाला त्यांत आता फक्त म्हातारे, तांबूस तारे उरलेत. नवा एक जन्मत नाही.

रामचंद्रांनी मान वळवून खाडीच्या बाजूला बघितलं. तिथं बांधात लाकडी दार होतं. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं ते या उघाडीतून.

"म्हंजी उघाडी," ते म्हणाले. "भरतीचं पानी आत न्हाय घेतलं, तर हाय त्या पान्याचं मीठ होनार नि वाफा कोरडा पडनार. ती वरची उघाडी कुठं हाय?"

"ते मला माहीत नाही, काका," रचना म्हणाली. "वायू कुठून येतो, किती येतो, कोण अडवतं, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. मी लिहितेय ते त्याच्यावरच."

दत्तारामांनी मान वर केली. आठ वर्षं त्यांची समजूत अशी होती की लेकीला सगळं कळून चुकलंय आणि आता ती ते फक्त लिहून काढते. मनातून त्यांना भीती होती की लिहून झालं की संस्थावाले सांगतील, झालं तुमचं काम. कुणालाच माहीत नाही, हे ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला की ठमाबाईंनी न विचारता त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि त्यांनी ती खाल्ली.

रचनाचा लेख त्या बांधावरच पुरा झाला. रामचंद्रांना समजेल अशा रीतीनं एकदा सांगितल्यावर तिला कळलं की अडकलेल्या भागात आपण गोष्ट उलटीकडून सांगत होतो. पुण्याला जाताना तिनं आपला जुना लॅपटॉप ठेवला आणि एक वेळापत्रक लिहून दिलं. आकाशाचा तोच भाग रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतो. म्हणजे एक दिवस अकरा चाळीस, तर दुसऱ्या दिवशी अकरा छत्तीस. एसटीत उभा जन्म घालवलेल्या माणसाला हे फार आवडलं.

दत्ताराम रोज मिठागरावर जाऊ लागले. रामचंद्र वाफ्यात फळी ओढता ओढता वेळ झाली की पाय धुऊन यायचे. मोजणी झाली की पडद्यावर ट्रेसिंग पेपर लावून दत्ताराम पेन्सिलीनं फुगा उतरवून घ्यायचे आणि कोपऱ्यात तारीख घालायचे. रचनानं तसं काही करायला सांगितलं नव्हतं. केलेल्या कामाचा कागद असावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

मार्च संपता संपता भांडण झालं. रामचंद्रांनी पहिला कागद आणि त्या दिवशीचा कागद एकावर एक धरले आणि म्हणाले की फुगा उजवीकडं सरकलाय. दत्तारामांनी बघितलं. खरंच सरकला होता, चांगला बोटभर. दोन्ही फुगे, सारखेच. खाऱ्या हवेनं डबा आत गंजला असणार, तार वाकली असणार, असं दत्ताराम म्हणाले. रामचंद्रांचं म्हणणं, पत्रा ठीक आहे, वायूच सरकलाय. दत्तारामांनी डबा उघडून बघितला. तार सरळ होती, डाख चकचकीत होता. तरी फुगा उजवीकडेच. चार दिवस हा वाद चालला, आणि शेवटी दत्तारामांनी रेंजमध्ये येऊन लेकीला फोन केला. आपल्या कामात खोट निघाली हे सांगायला त्यांना जड जात होतं.

रचनानं सगळ्या कागदांचे फोटो मागवले, तारखेसकट. मग तासभर तिचा पत्ता नाही. दत्ताराम टॉवरखाली उभे.

फोन आला तेव्हा ती आधी नुसती हसत होती. मग तिनं सांगितलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. फेब्रुवारीत ती हंसाच्या दिशेला आडवी चालली होती. आता वळण घेऊन ती त्याच्या रोखानं निघाली आहे, सेकंदाला दहा-अकरा किलोमीटर. समोरून येणारी लहर त्यामुळे जराशी दाबली जाते आणि फुगा उजवीकडे सरकतो. तिनं गणित करून बघितलं होतं; प्रत्येक तारखेचा कागद जिथं असायला हवा तिथंच होता.

"तुमचा पत्रा हलला नाही, बाबा," ती म्हणाली. "आपण हललो. तुम्ही दोघांनी पृथ्वीची चाल मोजलीत."

दत्तारामांनी तिला ते परत एकदा सांगायला लावलं, सावकाश. मग स्कूटर काढून मिठागरावर गेले आणि रामचंद्रांना सांगितलं. रामचंद्रांनी वाफ्यातली फळी उभी करून तिच्यावर हनुवटी टेकली आणि पायाखालच्या चिखलाकडे बघितलं. दोघांचंही म्हणणं थोडं थोडं चुकलं होतं, तेव्हा वाद मिटवायला काही अडचण आली नाही.

एप्रिलच्या शेवटी रचनानं तिच्या संस्थेत भाषण दिलं. विषय तोच, आकाशगंगेत वायू येतो कुठून. सुरुवातीला तिनं ते ट्रेसिंग पेपर दाखवले, मिठाच्या पाण्याचे डाग असलेले, एकावर एक सरकत गेलेले. सभागृहात लोक हसले, मग पुढं वाकून बघायला लागले. निरीक्षणं कुणाची, असं एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं. रचनानं खाली नावं लिहिलीच होती: दत्ताराम कासारे, रामचंद्र म्हात्रे, पेण तालुका.

नावांसकट त्या पडद्याचा फोटो तिनं घरी पाठवला. तुळसाबाईंनी तो छापून घेऊन अंगणवाडीच्या भिंतीला लावला. रामचंद्रांनी तो दत्तारामांच्या मोबाइलवर मोठा करून आपलं नाव दोनदा वाचलं आणि फोन बायकोच्या हातात दिला.

ठमाबाईंनी बघितलं आणि विचारलं की दीड महिना रोज भाकऱ्या कुणी आणल्या. संध्याकाळी त्या स्वतः गावात गेल्या, तुळसाबाईंच्या फोनवरून रचनाला लावला आणि सांगितलं की पुढच्या वेळेस आपलंही नाव पाहिजे.

रचनानं लगेच कबूल केलं. ठमी म्हात्रे असं घालू का, तिने विचारलं.

"ठमी घरात," त्या म्हणाल्या. "तिथं ठमाबाई रामचंद्र म्हात्रे घाल. आन् 'म्हात्रे'चा म्ह नीट काढ, रेशनकार्डावर 'मात्रे' झालंय."